पाहिलेला चित्रपट आणि सहज दिलेलें मत

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला भेटणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "कसा काय वाटला ?" आणि त्याचें उत्तरहि जवळजवळ ठरलेलें असतें. "बरा आहे", "एकदां पाहायला हरकत नाहीं", "गाणीं छान आहेत", "पहिला अर्धा उत्तम, पुढें ताणला आहे", आणि ज्याला यांपैकीं कांहींच सांगावयाचें नसतें तो म्हणतो, "डोकें घरीं ठेवून पाहा." एवढें बोलून होतें न होतें तोंच गाडी येते, चहाचा पेला रिकामा होतो, किंवा उसाच्या तोडीचा विषय निघतो. अशीं मतें रोज हजारोंनीं दिलीं जातात आणि तितक्याच सहजपणें विसरलीं जातात. वर्तमानपत्रांतील परीक्षकाच्या मताला नांव असतें, जागा असते, क्वचित् मानधनहि असतें. या मतांच्या वांट्याला त्यांतलें कांहींच येत नाहीं. म्हणून तीं क्षुल्लक समजण्याकडे आपला कल असतो. आज या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या मतांविषयींच मला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यासाठीं अलीकडे मीं पाहिलेले, कांहीं तर पुन्हां पुन्हां पाहिलेले, मराठी चित्रपट घेऊन शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या परिसरांत आपणांस न्यावयाचें आहे.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा मुलूख चित्रपटाच्या दृष्टीनें पाहिला तर अगदीं आडबाजूचा. शिरूर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचें घोडनदी. नदीच्या अलीकडे पुणें जिल्हा, पलीकडे अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा. दौंड म्हणजे भीमेकांठचें रेल्वेचें जंक्शन. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथून १८७८ सालीं सुरू झाला. येथें ना कोठला स्टुडिओ, ना नटनट्यांचे बंगले. तथापि गेल्या दहाबारा वर्षांत मराठींत ज्या चित्रपटांचा बोलबाला झाला, त्यांपैकीं कित्येक याच मुलखाच्या कुशींतले आहेत. शिरूरहून नदीचा पूल ओलांडला कीं श्रीगोंदें तालुक्यांतील गव्हाणेवाडी लागते; 'ख्वाडा' आणि 'बबन' यांचे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे तेथले. दौंडहून मनमाडच्या गाडींत बसलें कीं नगरच्या अलीकडे अकोळनेर हें स्टेशन येतें. 'फॅन्ड्री'ची कथा ज्या गांवांत घडते तें हेंच अकोळनेर. आणि दौंडहून सोलापूरच्या बाजूस निघालें कीं भिगवण मागें पडल्यावर जेऊर लागतें; 'फॅन्ड्री' आणि 'सैराट' यांचे दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, आणि 'सैराट'चें पुष्कळसें चित्रण त्याच करमाळें तालुक्यांतलें.

याचा परिणाम असा होतो कीं, येथील प्रेक्षकाचें आसन इतरांच्या आसनापेक्षां निराळें ठरतें. मुंबईच्या प्रेक्षकाला पडद्यावरील उन्हाळा हें एक दृश्य असतें. येथील प्रेक्षक तोच उन्हाळा अंगावर घेऊन आंत आलेला असतो. पडद्यावरची बाभूळ, पांढरी टोपी, सरपंचाच्या गाडीचा रंग, शाळेची भिंत, हें सारें त्याच्या रोजच्या पाहण्यांतलें. म्हणून तो चित्रपटाविषयीं जेव्हां कांहीं बोलतो, तेव्हां तो नकळत आपल्या शेजाऱ्याविषयींहि बोलत असतो. त्याचें सहज मत वाटतें तितकें सहज राहत नाहीं, आणि त्याची जबाबदारीहि वाटते तितकी लहान राहत नाहीं. माझ्या आजच्या बोलण्याचा हाच मुद्दा आहे.

मत देण्याची रीत या मुलखाला नवी नाहीं. शिरूरपासून फार लांब नसलेल्या नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच तेथें येतात; मागल्या जत्रेंत कोणाची गौळण रंगली, कोणाचा वग पडला, कोणत्या सोंगाड्यानें माणसें लोळविलीं, याची आपसांत चर्चा होते, आणि त्यावरून सुपारी ठरते. त्या पंचांपैकीं कोणीं कधीं परीक्षण लिहिलेलें नसतें. पण त्यांच्या दोन वाक्यांवर एका फडाच्या हंगामाची भाकरी अवलंबून असते. पुढें जत्रेंत तमाशाच्या शेजारीं सिनेमाचा तंबू आला. मालमोटारींतून यंत्र यावयाचें, कनात उभी राहावयाची, आणि जमिनीवर बसलेलीं माणसें शिट्ट्यांनीं, हंशानें, किंवा मधेंच उठून जाऊन आपलें मत तेथल्या तेथें कळवावयाचीं. या फिरत्या सिनेमावाल्यांच्या उतरत्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, आणि तो २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आला. तो पाहतांना माझें लक्ष यंत्रापेक्षां समोर बसलेल्या चेहऱ्यांकडेच अधिक जात होतें.

आतां चित्रपटांकडे वळतों. 'ख्वाडा' प्रदर्शित झाला २०१५ च्या दसऱ्याला. ख्वाडा म्हणजे आडकाठी. मेंढरें घेऊन रानोमाळ हिंडणारें एक धनगर कुटुंब. बापाची जमीन वनखात्याकडे गेलेली आणि तिचा खटला वर्षानुवर्षें चाललेला. धाकटा मुलगा बाळू कुस्तीचा नादी, आणि एका जागीं घर करून राहावें एवढीच त्याची आस. आणि या सर्वांच्या वाटेंत उभा असलेला एका गांवचा सरपंच. एवढीच ही गोष्ट. बापाच्या भूमिकेंत शशांक शेंडे आणि बाळूच्या भूमिकेंत भाऊसाहेब शिंदे आहेत. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकमंडळाचा खास पुरस्कार मिळाला. पण मला विशेष वाटतें तें त्याला मिळालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय पुरस्काराचें, म्हणजे चित्रणस्थळींच केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या पुरस्काराचें. पुष्कळ चित्रपटांत पात्रांचें बोलणें मागाहून बंद खोलींत मुद्रित करून चित्राला जोडतात. येथें माळावरचा वारा, कुत्र्यांचें भुंकणें, मेंढरांचें ओरडणें, आणि त्या सर्वांवरून एकमेकांना हाक मारतांना चढणारा माणसांचा आवाज, हें सारें जागच्या जागीं टिपलेलें आहे. आपण श्रोते आहांत, म्हणून एक सुचवितों. त्यांतील एकादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका. रान केवढें मोठें आहे तें कानांनींच कळतें.

या चित्रपटाविषयीं दोन सहज मतें मीं ऐकलीं. एक होतें सकाळच्या गाडीनें पुण्यास नोकरीला जाणाऱ्या एका तरुणाचें : "चांगला आहे, पण फार संथ आहे." दुसरें होतें जन्मभर मेंढरांमागें हिंडलेल्या एका वृद्ध गृहस्थांचें. त्यांना सारे आबा म्हणतात. नातवाच्या फोनवर त्यांनीं तो पाहिला होता. "कसा वाटला, आबा ?" असें विचारल्यावर त्यांनीं गोष्टीविषयीं अवाक्षरहि काढलें नाहीं. ते म्हणाले, "मेंढरं खरी हायती. वाघर लावताना माणूस कसा वाकतो, त्ये बी खरं हाय." वाघर म्हणजे रात्रीं मेंढरांभोंवतीं लावावयाचें जाळें. श्रोतेहो, 'संथ' हें मत खोटें नाहीं. परंतु तें अर्धें आहे. मेंढरांमागून चालणाऱ्या माणसाची चाल तीच असते. त्याला घाई करून भागत नाहीं, कारण कळपांतील सर्वांत लंगडें मेंढरूं जितकें चालेल तितकाच कळप चालतो. आबांचें मत दोन वाक्यांचें खरें, परंतु त्यांत पाहिलेली वस्तु आहे. एकानें आपला कंटाळा सांगितला, दुसऱ्यानें चित्रपट सांगितला. दोन्ही मतें सहजच दिलेलीं. तरी त्यांतील अंतर केवढें!

येथें एका जुन्या चित्रपटाची आठवण होते. कोल्हापुरास बाबुराव पेंटर यांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यांत शांतारामबापूंनीं एका तरुण शेतकऱ्याचें काम केलें होतें. त्याची जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि तो शहरांत मजुरी करावयास जातो. जमीन जाते आणि मनुष्य रस्त्यावर येतो, ही मराठी चित्रपटाला तेव्हांपासून ठाऊक असलेली कथा आहे. 'ख्वाडा'तहि जमीन जातेच. पण तो चित्रपट काढण्यासाठीं दिग्दर्शकानें स्वतःची शेतजमीन विकली, ही गोष्ट त्या वेळीं सर्वत्र प्रसिद्ध झाली होती. जिराइती मुलखांत जमीन विकणें म्हणजे काय, हें शिरूरकरांना किंवा दौंडकरांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. मात्र जमीन विकली म्हणून चित्रपट चांगला म्हणावा, असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हटल्यास तो दयाधर्म होईल, मत होणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या वस्तूसाठीं कोणीं एवढें मोल दिलें, तिच्याविषयीं 'बरा आहे' या दोन शब्दांपेक्षां तिसरा शब्द खर्च करण्यास आपणांस अडचण पडूं नये.

त्याच दिग्दर्शकाचा 'बबन' २०१८ च्या मार्चमध्यें आला. कॉलेजांत जातां जातां दूध घालणारा एक तरुण, दुधाच्या धंद्यांत वर येण्याची त्याची उमेद, आणि त्या उमेदीला वेढणारें गांवचें राजकारण, असा त्याचा विषय. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पहांटेच्या वेळीं रस्त्यानें निघालेल्या माणसाला मोटारसायकलीला दोन्हीं बाजूंनीं कॅन लावून जाणारे असे बबन वाटेंत हटकून भेटतात. त्यामुळें या चित्रपटाविषयीं येथें मोठ्या अधिकारानें बोललें जातें. फॅट किती लागली आणि डिग्री किती भरली यावर ज्याच्या घरची चूल पेटते, तो मनुष्य दुधाचा धंदा पडद्यावर कसा दाखविला आहे तें बारकाईनें पाहणारच. माझें स्वतःचें मत विचाराल, तर जोंवर हा चित्रपट दुधाजवळ राहतो तोंवर तो फार खरा आहे. हाणामारीजवळ गेला कीं तो इतर पुष्कळ चित्रपटांसारखा दिसूं लागतो. माझ्या परिचयाच्या कित्येक तरुणांचें मत याच्या बरोबर उलट आहे. त्यांना दूध रोजचेंच आहे. पडद्यावर तरी आपल्यासारख्या पोरानें दोन हात करावेत, असें त्यांना वाटतें. हें त्यांचें म्हणणें मला खोडून काढतां येत नाहीं, आणि काढावेंसेंहि वाटत नाहीं. दोन मतें शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं म्हणजे मधला चित्रपट अधिक स्पष्ट दिसतो.

आतां ज्या चित्रपटाविषयीं सहज बोलणें सर्वांत अवघड आहे त्याकडे येतों. 'फॅन्ड्री' प्रदर्शित झाला फेब्रुवारी २०१४ मध्यें. फॅन्ड्री म्हणजे कैकाडी बोलींत डुक्कर. जब्या हा शाळेंत जाणारा मुलगा. त्याचा बाप कचरू, हें काम किशोर कदम यांनीं केलें आहे. गांवच्या जत्रेंत डुकरांचा उपद्रव होतो म्हणून तीं धरण्याचें काम या कुटुंबावर येतें, आणि साऱ्या गांवादेखत, शाळेंतील सोबत्यांच्या देखत, जब्याला डुकरामागें धांवावें लागतें. पोरें भिंतीवर बसून हंसतात, फोनवर चित्रें काढतात. मधेंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें आणि हें कुटुंब डुक्कर समोर असतांना जागच्या जागीं ताठ उभें राहतें. श्रोतेहो, थिएटरांत या प्रसंगाच्या वेळीं काय होतें हें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांना आठवत असेल. पहिल्या धांवपळीला लोक हंसतात. डुक्कर निसटतें, मनुष्य घसरतो, आणि हंसूं येतें. त्यांत अस्वाभाविक असें कांहीं नाहीं. हळूहळू कांहीं खुर्च्यांवरचें हंसें थांबतें. कांहीं खुर्च्यांवरचें थांबत नाहीं. आणि अगदीं शेवटीं जब्या दगड उचलतो तो थेट आपल्या दिशेनें, कॅमेऱ्याच्या भिंगावर, भिरकावतो.

हंसणें हेंहि एक मतच आहे. किंबहुना सर्वांत सहज दिलेलें मत तेंच. त्याला विचार करावा लागत नाहीं, शब्द शोधावे लागत नाहींत. या चित्रपटानें तें मत आपल्याकडून काढून घेतलें आणि दगडाच्या रूपानें परत केलें. अकोळनेर दौंडच्या लोहमार्गावरचें गांव आहे. असा जब्या केवळ पडद्यावरच असतो अशी समजूत करून घेण्याची सोय येथील प्रेक्षकाला नाहीं. त्याच्याच वर्गांत, त्याच्याच बांकावर तो कधीं ना कधीं बसलेला असतो. म्हणून 'फॅन्ड्री' पाहून आलेला कोणी "विनोदी आहे" असें म्हणाला, तर तेथें चित्रपटाचें परीक्षण होत नसून म्हणणाराचीच पारख होत असते. आणि दुसरा कोणी कांहींच न बोलतां मुकाट्यानें घरीं गेला, तर तें मौनहि एक मतच समजावें.

'सैराट'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २९ एप्रिल २०१६ रोजीं तो लागला, आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोंवरचे सारे उच्चांक त्यानें मागें टाकले. अजय-अतुल यांच्या संगीतानें लग्नाच्या वराती नाचल्या. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हीं नांवें घरोघर झालीं. त्या उन्हाळ्यांत दौंडच्या गाडींत आणि शिरूरच्या बसस्थानकावर दुसरा विषय नव्हता म्हणावयास हरकत नाहीं. आणि त्याविषयींचें सर्वांत लोकप्रिय मत कोणतें होतें ? "मध्यंतरापर्यंत एक नंबर, पुढें कंटाळवाणा, आणि शेवट नको होता." मध्यंतरापर्यंत विहीर आहे, बुलेट आहे, गाणीं आहेत. पुढें हैदराबादची खोली आहे, घाणेरडी वस्ती आहे, डोशाची गाडी आहे, संशय आहे, मार आहे, समेट आहे. मला स्वतःला हा उत्तरार्धच अधिक मोलाचा वाटतो, कारण प्रेमाला गाण्यानंतरहि जगावें लागतें, भाडें भरावें लागतें, हें आपल्या चित्रपटांनीं क्वचितच दाखविलें आहे. पण तें असो. 'शेवट नको होता' या मताकडे जरा लक्ष द्या. त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणतो, "तीं पोरें जगावयास हवीं होतीं, मला पाहवलें नाहीं." दुसरा म्हणतो, "असें कांहीं होत नसतें. उगाच आपली बदनामी." पहिल्यानें चित्रपट पुरता ऐकला आहे. दुसऱ्यानें कान झांकून घेतले आहेत, कारण असें होतें हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शब्द तेच, पण मतें दोन टोकांचीं. आणि एक तिसरेंहि मत होतें, तें पुरुषांच्या घोळक्यांत दबक्या आवाजांत निघे : "पोरींना दाखवूं नये हा पिच्चर." हें मत चित्रपटाविषयीं नव्हतेंच; तें घरांतल्या मुलीविषयीं होतें. माझी विनंति एवढीच कीं, आपण कोणाविषयीं बोलत आहोंत तें बोलणारानें ओळखावें. मुलीवर बंधन घालावयाचें आणि नांव मात्र चित्रपटाचें पुढें करावयाचें, हा व्यवहार सरळ नाहीं.

मुलींची गोष्ट निघाली म्हणून आणखी एका चित्रपटाचा उल्लेख करतों. ३० जून २०२३ रोजीं केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्तानें एकत्र येतात, एवढीच त्याची कथा. कडक कसोटी लावणाऱ्या परीक्षकाला त्यांत पुष्कळ गोष्टी सोप्या करून टाकलेल्या आढळतील. पण त्या पावसाळ्यांत बायका गटागटानें, नटूनथटून, घरचा स्वयंपाक उरकून किंवा एक दिवस तो बाजूला ठेवून, या चित्रपटाला लोटल्या. एका शिक्षिकेला मीं विचारलें, "ताई, काय आवडलें ?" त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात असं मोठ्यानं म्हणणारी बाई पडद्यावर पहिल्यांदाच पाहिली." या वाक्यांत चित्रपटाचें गुणवर्णन आहे, आणि आजवरच्या असंख्य चित्रपटांवर ठेवलेला ठपकाहि आहे. आमच्याकडे घरांतील पुरुषानें "कसा होता ?" असें विचारावें, बाईनें "बरा होता" म्हणावें, आणि बोलणें तेथेंच संपावें, ही वहिवाट फार जुनी आहे. ती मोडली तर चित्रपटाचें भलें होईल तें निराळेंच, घराचेंहि होईल.

परंतु मत देण्यासाठीं चित्रपट दिसला पाहिजे, ही पहिली अट आहे. कऱ्हाडे यांचा 'टीडीएम' हा तिसरा चित्रपट २८ एप्रिल २०२३ रोजीं लागला. त्याला पुरेसे खेळ दिले जात नाहींत अशी तक्रार दिग्दर्शक आणि कलावंत यांनीं प्रेक्षकांसमोर डोळ्यांत पाणी आणून केली. पुढें तो काढून घेण्यांत आला आणि जूनमध्यें पुन्हां लावण्यांत आला. कोणाचें चुकलें याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. मला दिसतें तें इतकेंच : शुक्रवारीं लागलेल्या चित्रपटाचें भवितव्य बहुधा रविवारच्या रात्रीं ठरतें, आणि तें ठरतें या तीन दिवसांत लोक एकमेकांना काय सांगतात त्यावर. ज्याच्याजवळ मोठ्या जाहिराती आहेत तो पडेल मतांतूनहि आठवडाभर तरतो. ज्याच्याजवळ जाहिरात नाहीं, त्याच्याजवळ आपलें सहज मत एवढेंच भांडवल असतें. आणि आड वेळेला एकच खेळ मिळाला, शिरूरचा मनुष्य शेतांतून सुटेपर्यंत तोहि होऊन गेला, तर तें भांडवल जमावयाचें कोठून? नारायणगांवच्या राहुटींत बसलेल्या पंचांना निदान फड पाहावयास तरी मिळालेला असतो.

आतां फोनचा काळ आला आहे. जो चित्रपट थिएटरांत हुकला तो महिन्यादोनमहिन्यांनीं हातांत येतो. ही मोठीच सोय आहे, आणि दूरच्या वाडीवस्तीवरील माणसाला तिचें मोल अधिक. तथापि एक गोष्ट यांत हरवते. तंबूंत किंवा थिएटरांत आपण हंसलों तर शेजारचा ऐकत असे. तो हंसला नाहीं तर तेंहि आपणांस कळत असे. 'फॅन्ड्री'चा दगड हंसणाऱ्या सभेवर फेंकलेला आहे. अंथरुणांत एकट्यानें पाहणाराला तो लागेलच असें नाहीं, कारण तेथें हंसणारा आणि हंसें ऐकणारा एकच असतो. अंगठा वर करून किंवा खालीं करून दिलेलें मत मोजतां येतें. पण त्यांत आबांची वाघर नसते, शिक्षिकेचे गुडघे नसतात. म्हणून फोनवर चित्रपट पाहिला तरी त्याविषयीं बोलावें मात्र दुसऱ्या माणसाशीं, असें माझें सांगणें आहे.

मग बोलावें कसें ? मी नियमावली करणार नाहीं. चित्रपटाच्या गप्पांना नियम लावले तर गप्पाच बंद पडतील. तीन साध्या गोष्टी मात्र सुचतात. चित्रपट अर्धा पाहिला असेल तर अर्धाच पाहिला म्हणून सांगावें. वीस मिनिटांच्या तुकड्यावर उभ्या चित्रपटाचा निकाल देणें म्हणजे एक कणीस पाहून शेताची आणेवारी लावण्यासारखें आहे. 'चांगला' किंवा 'टुकार' म्हणण्यापूर्वीं आपण प्रत्यक्ष काय पाहिलें, त्यांतील निदान एक गोष्ट सांगावी; मग ती मेंढरूं असो, दुधाचा कॅन असो, कीं कोणाच्या चालण्याची ढब असो. आणि आपण कोठें उभे राहून पाहिलें तेंहि सांगावें. धनगराला 'ख्वाडा' जसा दिसतो तसा सरपंचाच्या पुतण्याला दिसणार नाहीं. दिसावा अशी अपेक्षाहि नाहीं. पण आपण सरपंचाचे पुतणे आहोंत हें मनांत ठेवून जो बोलेल, त्याच्या मताला वजन येईल. आपल्या जुन्या काव्यशास्त्रानें रसिकाला सहृदय म्हटलें आहे. त्याचा व्यवहारांतील अर्थ इतकाच कीं, समोरच्याच्या हृदयाला काय झालें असेल, हें आपल्या हृदयाला क्षणभर विचारून पाहावें.

श्रोतेहो, चित्रपट हा कांहीं मीठभाकरीइतका निकडीचा विषय नव्हे. पण ज्या मुलखाकडे शतकभर कोणाचें भिंग वळलें नव्हतें, त्या मुलखाचीं माणसें आतां पडद्यावर येऊं लागलीं आहेत आणि आपलीच बोली बोलत आहेत. त्यांना पाहून आपण काय म्हणतों, हें पुढच्या वर्षीं कॅमेरा घेऊन उभें राहूं पाहणारा शिरूरचा, दौंडचा, श्रीगोंद्याचा कोणी पोरगा कान टवकारून ऐकत आहे. त्याच्याजवळ विकावयास जमीन असेल किंवा नसेलहि. पुढच्या खेपेला कोणीं "कसा काय वाटला ?" असें विचारलें, तर 'बरा आहे' म्हणून झाल्यावर आणखी एक वाक्य बोला, आणि त्यांत आपण पाहिलेली एक गोष्ट सांगा. विचारणाराला गाडी गांठावयाची असली तरी तेवढें ऐकण्यापुरता तो थांबेल.